पाठ दिसते, पोट दिसत नाही : ट्रायलोबाइटच्या शरीररचनेविषयी

अंबाजोगाईकडील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एल्रॅथिया किंगी या ट्रायलोबाइटचा, म्हणजे पूर्वीच्या समुद्रांतल्या एका नामशेष कवचधारी प्राण्याचा, एक जीवाश्म विकत घेतला आहे. हा नमुना अमेरिकेतील युटा राज्यातला आहे. त्यांचे प्रश्न असे आहेत. इंटरनेटवरील चित्रांत या प्राण्याला लांब मिशा, पायांच्या रांगा आणि कल्ले दाखवलेले असतात, पण हातातल्या नमुन्यात यांपैकी काहीच दिसत नाही. नमुन्याच्या खालच्या अंगाला मात्र उभ्या रेषांचा एक जाड, खरबरीत थर आहे. तो पायांचा किंवा कल्ल्यांचा अवशेष असेल का? या प्राण्याचे तोंड कोठे होते? चित्रकार पाय कशाच्या आधारे काढतात? आणि असा जीवाश्म मराठवाड्यात सापडू शकेल का?

सर, आधी थोडक्यात उत्तरे देतो. त्या खरबरीत थराचा पायांशी काहीही संबंध नाही. तोंड शीर्षाच्या खालच्या बाजूला होते, आणि त्याच्यावरची तबकडी आपल्या नमुन्यात बहुधा शिल्लक नसेल. चित्रातले पाय इतर जातींच्या मोजक्या जीवाश्मांवरून घेतलेले आहेत. मराठवाड्यात ट्रायलोबाइट सापडणार नाही. मी मराठवाड्यातील महाविद्यालयात अपृष्ठवंशी जीवाश्मांची प्रात्यक्षिके बरीच वर्षे घेतली आहेत. विद्यार्थी कवचावरच्या भागांची नावे चोख पाठ करतात आणि मग त्याच ठामपणे खाली पायही काढतात, हे मी तेव्हा नेहमी पाहत असे. कवच आपण लाखो नमुन्यांवरून ओळखतो. पाय मात्र बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणांवरून. म्हणून ट्रायलोबाइटच्या शरीराविषयी कोणतेही विधान वाचले की ते कोणत्या जातीच्या, कोणत्या खडकातल्या नमुन्यावरून केले आहे, हे आधी विचारावे. पुढचे सगळे उत्तर याच अंगाने लिहिले आहे.

कवच टिकते आणि पाय टिकत नाहीत, याचे कारण या प्राण्याच्या त्वचेतच आहे. ट्रायलोबाइट हे संधिपाद प्राणी, म्हणजे खेकडा, विंचू, घोण यांच्याच मोठ्या कुळातले. सुमारे ५२.१ कोटी वर्षांपूर्वी ते खडकांत प्रथम दिसतात आणि २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, संपतात. त्यांच्या पाठीवरचे आवरण कॅल्साइट या खनिजाने कठीण झालेले होते. हे कॅल्साइटयुक्त आवरण कडेला थोडे खाली दुमडलेले असे आणि तोंडापाशी त्याची एक वेगळी तबकडी असे. बाकी पोटाकडची सगळी त्वचा, मिशा, पाय आणि कल्ले यांच्यात खनिज नव्हते. प्राणी मेल्यावर हा मऊ भाग थोड्या काळात कुजून जातो आणि गाळात पाठ तेवढी उरते. आजवर ट्रायलोबाइटच्या २०,००० हून अधिक जातींना नावे दिली गेली आहेत, आणि त्यांपैकी पाय टिकलेल्या जाती चाळिशीच्या आतच आहेत.

आता नमुना हातात घेऊन शीर्षाची अर्धवर्तुळाकार बाजू आपल्यापासून दूर धरावी. कवचाचे तीन खंड उभे, म्हणजे शीर्षापासून शेपटीपर्यंत जाणारे आहेत : मधला उंचवट्याचा अक्ष आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे सपाट पार्श्वखंड. शीर्ष, धड आणि पुच्छ ही आडवी विभागणी याहून वेगळी आहे, आणि परीक्षेत सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. शीर्षाच्या मध्यावरील फुगवट्याला ग्लॅबेला म्हणतात. त्याच्या दोन्ही कडांना आडव्या खाचा दिसतील. त्या ठिकाणी कवचाला आतून स्नायू जोडलेले असत. शिवाय शीर्ष हे मुळात अनेक खंड एकत्र सांधून झाले आहे, याची ही खूण आहे. ग्लॅबेलाच्या दोन्ही बाजूंना गाल असतात. भिंगातून पाहिल्यास शीर्षाच्या पुढच्या कडेपासून डोळ्याला वळसा घालून मागच्या कडेपर्यंत जाणारी एक बारीक रेषा सापडते. ही शीर्षाची शिवण. तिच्या बाहेरचा गाल सुटा होऊ शकत असे आणि आतला ग्लॅबेलाला जोडलेला राहत असे. सुट्या गालाचे मागचे टोक काट्यासारखे लांबलेले असते.

धडाचे खंड मोजावेत. पूर्ण वाढलेल्या एल्रॅथियात ते १३ असतात. प्रत्येक खंड पुढच्या खंडाला सांध्याने जोडलेला, म्हणून हा भाग लवचीक. त्यामागचे पुच्छकवच मात्र अनेक खंड जुळून झालेले एकसंध. खंडांची संख्या जातीनुसार कमालीची बदलते. अ‍ॅग्नॉस्टिड नावाच्या चिमुकल्या गटात धडाचे खंड दोनच असतात, तर ऑस्ट्रेलियातील बाल्कोराकेनिया या कँब्रियन (म्हणजे ट्रायलोबाइट प्रथम दिसतात त्याच कालखंडातल्या) जातीत ते १०३ पर्यंत मोजले गेले आहेत. लहान वयाच्या नमुन्यात खंड कमी आढळले तर ती वेगळी जात असेल असे लगेच मानू नये. वाढीच्या काळात नवे खंड पुच्छकवचात तयार होत, आणि पुच्छकवचाच्या पुढच्या कडेचे खंड एकेक करून सुटे होत धडात सामील होत. वाढीच्या या पायऱ्या बोहेमियातील साओ हिर्सुटा या कँब्रियन जातीवरून योआकिम बारांद यांनी १८५२ मध्येच दाखवून दिल्या होत्या.

खालच्या अंगाचा तो खरबरीत थर नीट पाहावा. एल्रॅथियाचे बहुतेक नमुने युटातील हाउस रेंज या डोंगररांगेच्या व्हीलर शेलमधून येतात. शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला पातळ थरांचा खडक. हा खडक सुमारे ५०.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेथील चिखलात कवच गाडले गेल्यानंतर त्याच्या खालच्या पृष्ठभागावर कॅल्साइटचे स्फटिक शंकूंच्या आकारात, एकात एक बसल्यासारखे वाढत गेले. आपल्याला दिसणाऱ्या रेषा या शंकूंच्या कडा आहेत. म्हणजे हा थर प्राण्याच्या शरीराचा भाग नाही. तो गाळात नंतर झालेल्या खनिजवाढीचा आहे. या जाड थरामुळेच एल्रॅथिया शेलमधून अख्खा सुटून निघतो आणि इतक्या मोठ्या संख्येने बाजारात येतो. गंमत अशी की, जो थर नमुन्याला मजबुती देतो त्याच्याचमुळे पोटाकडची बाजू कायमची झाकली जाते. थर टोकरून खाली पाय सापडतील या आशेने विद्यार्थ्यांनी दाभण चालवू नये, एवढे त्यांना जरूर सांगावे. खोटेपणाची शंका असेल तर तीही येथेच फिटते. मोरोक्कोतील काटेरी, महागड्या ट्रायलोबाइटच्या रेझिनमधल्या नकला पुष्कळ असतात. एल्रॅथिया मुबलक आणि स्वस्त असल्याने त्याची नक्कल करण्यात कोणाचा फारसा फायदा नसतो, आणि शंकूंचा हा थर असला तर शंकेला जागा उरत नाही.

तोंडाकडे येतो. ग्लॅबेलाच्या बरोबर खाली, पोटाकडच्या बाजूला कॅल्साइटची एक ढालीसारखी तबकडी असे. तिला हायपोस्टोम म्हणतात. तोंडाचे छिद्र तिच्या मागच्या कडेपाशी होते आणि त्याचा रोख पुढे नसून मागे होता, हे नवख्याला विचित्र वाटते. अन्ननलिका तेथून वर आणि पुढे वळून ग्लॅबेलाखालच्या जठरासारख्या पिशवीत जाई. तेथून आतडे सरळ मागे, अक्षाखालून, पुच्छापर्यंत. काही ट्रायलोबाइटांत हायपोस्टोम शीर्षाच्या दुमडलेल्या पुढच्या कडेला घट्ट सांधलेला असतो. एल्रॅथिया ज्या गटातला आहे त्यात तो कडेपासून सुटा, केवळ मऊ त्वचेत बसवलेला होता. त्वचा कुजली की तबकडी निसटून जाई. आपल्या नमुन्यात ती न दिसण्याचे पहिले कारण हे, आणि दुसरे अर्थातच शंकूंचा थर.

हायपोस्टोमच्या मागे नेमके काय होते, हे मात्र अगदी अलीकडे समजले. २०२४ मध्ये अब्दुरझाक एल अल्बानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोरोक्कोच्या उच्च अ‍ॅटलास पर्वतातील कँब्रियन ट्रायलोबाइटांचे वर्णन प्रसिद्ध केले. ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ज्वालामुखीची तप्त राख उथळ समुद्रात लोटली आणि तिने हे प्राणी क्षणात गाडून टाकले. राखेत प्राण्यांचे साचे इतके बारकाईने उमटले की, क्ष-किरण टोमोग्राफीने, म्हणजे अनेक क्ष-किरण छेद संगणकाने जोडून, पाय, पायांवरची लव आणि पचनमार्गसुद्धा तिन्ही मितींत पाहता आला. तोंड ही एक अरुंद फट होती, आणि हायपोस्टोमला जोडलेला ओठासारखा मांसल भाग तोंडापाशी होता. असा ओठ आजच्या संधिपाद प्राण्यांत असतो, पण ट्रायलोबाइटमध्ये तो थेट पाहायला मिळाला नव्हता. चापट झालेल्या शेलमधील नमुन्यांनी शंभर वर्षांत जे दाखवले नाही ते राखेने दाखवले.

पायांचा इतिहास थोडा विस्ताराने सांगतो, कारण चित्रे कशावरून काढतात या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ ट्रायलोबाइटला पाय होते की नव्हते, यावरच वाद होता. १८७० मध्ये कॅनडातील एल्काना बिलिंग्ज यांनी आयसोटेलस या जातीच्या एका नमुन्याखाली पाय असल्याचे जाहीर केले. जेम्स ड्वाइट डाना आदी अमेरिकी तज्ज्ञांनी ते पाय नसून पोटाच्या त्वचेला आधार देणाऱ्या कमानी आहेत असे म्हणून हे नाकारले. त्यानंतर चार्ल्स वॉलकॉट यांनी न्यूयॉर्क राज्यातील चुनखडकात गुंडाळलेल्या अवस्थेत सापडणारे सेरॉरस हे ट्रायलोबाइट घेतले, त्यांचे पातळ काप केले आणि कापांत दिसणारे पायांचे छेद जोडून १८८१ मध्ये पोटाकडची रचना मांडली. पुढे न्यूयॉर्कमधल्याच रोम गावाजवळ विल्यम व्हॅलियंट यांना ट्रायआर्थ्रस या जातीचे असे नमुने मिळाले की, त्यांतील मऊ भाग पायराइट या सोनेरी खनिजात बदलून टिकले होते. येल विद्यापीठाच्या चार्ल्स बीचर यांनी १८९३ पासून त्यांचा अभ्यास केला आणि मिशा व पाय यांविषयीचा वाद मिटला. हे सगळे पुरावे ऑर्डोव्हिसियन कालखंडातले, म्हणजे आपल्या एल्रॅथियाहून कोट्यवधी वर्षे अलीकडचे, हे विसरू नये.

कँब्रियनमधला सर्वांत चांगला पुरावा वॉलकॉट यांनाच मिळाला. १९०९ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्यांना बर्जेस शेलचा शोध लागला. सुमारे ५०.८ कोटी वर्षांपूर्वीच्या या शेलमध्ये ओलेनॉइडिस सेराटस या जातीचे पायांसह नमुने मिळाले. हॅरी व्हिटिंग्टन यांनी १९७५ आणि १९८० मध्ये त्यांचे फेरवर्णन केले. आजही कँब्रियन ट्रायलोबाइटचे चित्र काढणारा बहुतेक प्रत्येक चित्रकार कळत नकळत ओलेनॉइडिसचेच पाय काढत असतो. शीर्षाला पुढे मिशांची एक जोडी. तिच्यामागे शीर्षाखाली पायांच्या तीन जोड्या. मग धडाच्या प्रत्येक खंडाखाली एक जोडी. आणि पुच्छकवचाखाली मागे मागे लहान होत जाणाऱ्या जोड्या. ओलेनॉइडिसच्या शेपटीच्या टोकाला मिशांसारख्याच आणखी दोन लांब शृंगिका होत्या. त्या इतर ट्रायलोबाइटांत सापडलेल्या नाहीत, म्हणून एल्रॅथियाच्या चित्रात त्या दिसल्या तर चित्रकाराने नक्कल उतरवली आहे, असे खुशाल समजावे.

या पायांची सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, शीर्षाखालचे पाय आणि धडाखालचे पाय यांत फारसा फरक नाही. खेकड्यात जबडे वेगळे, नांग्या वेगळ्या, चालण्याचे पाय वेगळे. ट्रायलोबाइटमध्ये ही श्रमविभागणी झालेली नव्हती. प्रत्येक पायाचा बुंधा रुंद असून त्याच्या आतल्या कडेला काटे असत. डाव्या आणि उजव्या बुंध्यांचे काटे शरीराच्या मध्यरेषेवर एकमेकांसमोर येत. त्यांच्यामध्ये भक्ष्य चिरडले जाई आणि तो घास पायांपायांतून पुढे सरकत, मागे रोख असलेल्या तोंडाच्या त्या फटीपर्यंत पोहोचे. तोंडाचा रोख मागे का, याचा उलगडा येथे होतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर आढळणारा हॉर्सशू क्रॅब आजही असाच, पायांच्या मुळाशी अन्न चावत खातो. बुंध्यापासून पायाच्या दोन शाखा फुटतात. आतली शाखा सात पेरांची, काटेरी, चालण्याची. बाहेरची शाखा पातळ, पाठीच्या कवचाखाली आडवी पसरलेली आणि तिच्या कडेला बारीक पापुद्र्यांची झालर.

ही झालर कशासाठी, यावर दीर्घ काळ एकमत नव्हते. काहींना तो पोहण्याचा वल्हा वाटे, काहींना कल्ले, तर काहींना पिल्ले किंवा अंडी यांना ताजे पाणी पुरवणारा पंखा. २०२१ मध्ये जिन-बो हौ, नायजेल ह्यूज आणि मेलानी हॉपकिन्स यांनी पायराइटमधल्या ट्रायआर्थ्रसचे संगणकीय क्ष-किरण छेद घेऊन दाखवले की, प्रत्येक पापुद्र्याची बाहेरची कड फुगीर, नळीसारखी आहे आणि आतला भाग अतिशय पातळ पडद्याचा आहे. आजच्या कवचधारी जलचरांच्या कल्ल्यांत रक्त खेळण्यासाठी अशीच रचना असते. ओलेनॉइडिसमध्येही त्यांना याच प्रकारची ठेवण आढळली. माझ्या मते हा प्रश्न आता कल्ल्यांच्या बाजूने निकाली निघाला आहे, कारण हा निष्कर्ष केवळ बाह्याकाराच्या साम्यावर उभा नसून पापुद्र्याच्या आडव्या छेदावर उभा आहे. झालर हलवताना पाणीही ढवळले जात असणार. पण मुख्य काम श्वसनाचे.

सगळे पाय सारखे, हा नियमही ओलेनॉइडिसच्या एका नमुन्याने थोडा वाकवला आहे. २०२२ मध्ये सारा लॉसो आणि हाविएर ओर्टेगा-हर्नांडेझ यांनी शरीराच्या मागच्या अर्ध्यातील काही पाय इतरांपेक्षा बारीक आणि काट्यांविना असल्याचे दाखवले. हॉर्सशू क्रॅबचा नर मीलनाच्या वेळी मादीला धरून ठेवण्यासाठी वेगळे झालेले पाय वापरतो. तशाच कामाचे हे पाय असावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. एका नमुन्यावरचे अनुमान म्हणून ते ऐकावे, पण नर-मादीतील फरक पाठीच्या कवचावर न दिसता पायांत असू शकतो, हा त्यातला मुद्दा मोलाचा आहे.

मग एल्रॅथियाचे पाय कसे काढावेत? काढावेत, पण तुटक रेषेने, आणि बाजूला ओलेनॉइडिसवरून असे लिहून. दोन शाखांचा पाय, मुळाशी काटे, मिशांची एक जोडी ही वैशिष्ट्ये एकमेकांपासून दूरच्या अनेक जातींत आढळल्याने ती एल्रॅथियातही होती हे सुरक्षितपणे म्हणता येते. काट्यांची संख्या, पेरांची लांबी, मिशा किती वळलेल्या, हे म्हणता येत नाही.

डोळे पाठीवर असूनही कँब्रियन नमुन्यांत त्यांची माहिती अपुरी पडते. ट्रायलोबाइटच्या डोळ्यात अनेक सूक्ष्म भिंगे असत आणि ती कॅल्साइटची होती असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारा पारदर्शक कॅल्साइट छापील अक्षरांवर ठेवला की प्रत्येक अक्षर दुहेरी दिसते, हे आपण वर्गात दाखवतच असाल. हाच दोष डोळ्यात कसा टळला? स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या दिशेने पाहिले तर प्रतिमा दुहेरी होत नाही, आणि ट्रायलोबाइटच्या भिंगांत हा अक्ष भिंगाच्या पृष्ठभागाला काटकोनात असतो, हे केनेथ टोव यांनी १९७३ मध्ये दाखवले. ही भिंगे जिवंतपणीच कॅल्साइटची होती की जीवाश्म होताना तशी झाली, यावर २०१९ पासून पुन्हा चर्चा सुरू आहे. एल्रॅथियासारख्या अनेक कँब्रियन जातींत डोळ्याच्या पृष्ठभागाभोवतीही एक शिवण होती, त्यामुळे भिंगांचा तो पातळ तुकडा कात टाकताना किंवा मेल्यावर गळून पडे. आपल्या नमुन्यात दिसेल ती बहुधा डोळ्याच्या आतल्या कडेची चंद्रकोरीसारखी उंच कड, भिंगे नव्हेत.

कात टाकण्याचा उल्लेख आला, तर एक गोष्ट पाहून घ्यावी. संधिपाद प्राण्याला वाढायचे तर जुने कवच सोडावेच लागते. ट्रायलोबाइटमध्ये शीर्षाच्या शिवणी उकलत, सुटे गाल बाजूला पडत आणि त्या वाटेने प्राणी नव्या मऊ कवचासह बाहेर येई. त्यामुळे एकाच प्राण्याची अनेक कवचे जीवाश्म होऊ शकतात. आपल्या नमुन्याला दोन्ही सुटे गाल नसतील तर ती टाकलेली कात असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग त्याखाली पाय शोधण्यात मुळातच अर्थ नाही. गाल जागेवर असतील तर ते मेलेल्या प्राण्याचे कवच असू शकते. खात्री मात्र तेवढ्याने होत नाही.

पचनसंस्थेविषयीचा पुरावा आणखी विरळ. चीनच्या युनान प्रांतातील ग्वानशान येथील कँब्रियन ट्रायलोबाइटांत ग्लॅबेलाखालची पिशवी आणि आतड्याच्या दोन्ही बाजूंच्या पाचक ग्रंथींच्या जोड्या एकत्र आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पोटात प्रत्यक्ष अन्न भरलेला नमुना चेक प्रजासत्ताकातला, बोहेमोलिकस या ऑर्डोव्हिसियन जातीचा : १९०८ मध्ये सापडलेल्या दगडी गोळ्यातील या प्राण्याचे सिंक्रोट्रॉन या अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने केलेले निरीक्षण २०२३ मध्ये छापून आले. आतडे शिंपल्यांच्या तुकड्यांनी गच्च भरलेले होते आणि तुकडे विरघळलेले नव्हते, म्हणजे आतड्यात तीव्र आम्ल नसावे. एल्रॅथिया काय खात असे, हे यावरून ठरवू नये.

अंग गुंडाळण्याची सवय या गटात कँब्रियनपासूनच दिसते. पावसाळ्यात सोयाबीनच्या शेतात पायाचा धक्का लागताच वेटोळे करून पडणारी वाणी आपण पाहिली असेल. ट्रायलोबाइटचे गुंडाळणे त्याच हेतूचे, पण चकलीसारखे वेटोळे न होता पुच्छकवच थेट शीर्षाच्या कडेला येऊन भिडे आणि आतले सगळे पाय बंदिस्त होत. पाठीचे खंड सरकत असताना पोटाकडच्या पाय-बुंध्यांना जागा कशी मिळे, हे २०२३ मध्ये वॉलकॉट यांच्याच जुन्या सेरॉरस-कापांचा पुन्हा अभ्यास करून स्पष्ट झाले : पोटाकडच्या आडव्या पट्ट्या एकमेकींखाली सरकत आणि पाचरीच्या आकाराचे बुंधे एकमेकांत बसत. दीडशे वर्षांपूर्वीचे काचपट्ट्यांवरचे ते काप कोणी टाकून दिले नाहीत, म्हणून हे शक्य झाले.

मराठवाड्याचा प्रश्न सोपा आहे. आपल्या पायाखालचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. तोपर्यंत ट्रायलोबाइट संपून १८ कोटींहून अधिक वर्षे लोटली होती. किनवट, देगलूरकडे बेसाल्ट संपून जे ग्रॅनाइट आणि नाइस खडक उघडे पडतात ते कँब्रियनच्या कितीतरी आधीचे. म्हणजे आपला एक खडक फार तरुण, दुसरा फार वृद्ध, आणि मधले पान येथे नाहीच. मोरोक्कोत ज्वालामुखीने ट्रायलोबाइट जपले, मग आपल्याकडे का नाही, असे विद्यार्थी विचारतील. तेथे समुद्रात पडलेली बारीक राख होती, येथे जमिनीवरून वाहिलेला लाव्हा, आणि काळाचा फरक तर आहेच. वेरूळ किंवा जालन्याकडच्या दगडांच्या भेगांत नेच्यासारखी काळी नक्षी दिसते, तीही जीवाश्म नसून मँगनीजची खनिजवाढ असते. गोदावरी आणि मांजरा खोऱ्यांच्या गाळात मिळणारी हत्तीवर्गीय प्राण्यांची हाडे खरी आहेत, पण ती अगदी अलीकडच्या भूकाळातली.

भारतात कँब्रियन ट्रायलोबाइट पाहायचे तर हिमालयात जावे लागते. स्पीतीतील पराहिओ खोऱ्यातले जीवाश्म भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेन्री हेडन यांनी गोळा केले आणि त्यांचे वर्णन एफ. आर. सी. रीड यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. हिमालय उचलला जाताना तेथील खडक दाबले, ताणले गेले आणि त्यांच्यातील कवचेही वाकडी झाली. एकाच जातीचा एक नमुना लांबट तर दुसरा रुंद दिसतो. कल्ल्यांचा प्रश्न सोडवणाऱ्यांपैकी नायजेल ह्यूज यांनीच पीटर जेल यांच्यासह १९९२ मध्ये काश्मीरच्या नमुन्यांवर हे वाकडेपण गणिताने काढून टाकण्याची रीत वापरली. कवचाच्या लांबी-रुंदीवरून जात ठरवणाऱ्याने खडकाने दिलेला आकार आणि प्राण्याचा मूळ आकार वेगळे करायलाच हवेत. व्हीलर शेलला असा ताण फारसा बसलेला नाही, म्हणून आपल्या नमुन्याची मापे विद्यार्थ्यांकडून घेऊन आलेख काढायला हरकत नाही.

निरीक्षणासाठी खोली अंधारी करून बॅटरीचा प्रकाश अगदी तिरपा, शीर्षाच्या डाव्या बाजूने टाकावा; शिवणी आणि ग्लॅबेलाच्या खाचा दहापट भिंगाने लगेच उठून दिसतात. चुनखडक ओळखण्यासाठी शाळेत विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकण्याची पद्धत आहे. तो थेंब या नमुन्यावर पडू देऊ नये. कवच आणि खालचा थर दोन्ही कॅल्साइटचे असल्याने फेस येईल आणि शिवण आधी जाईल. आम्लाची परीक्षा करायचीच असेल तर बाजारातल्या शहाबादी फरशीचा तुकडा घ्यावा.